डाव्या बाजूचा बर्नर

बायकोला झटका आला तो आमच्या राहुरीच्या बाजाराचा दिवस होता. मी भाजीची पिशवी आणून स्वयंपाकघरात ठेवली आणि बाहेर येऊन पायांवर पाणी घेत होतो. ती मेथी निवडायला बसली होती. जुडीचा दोरा सुटत नसेल म्हणून तिने मला हाक मारली, असं मला वाटलं. पण तिच्या तोंडून जो आवाज आला होता त्यात शब्द नव्हता. आत गेलो तर जुडी मांडीवर तशीच होती, उजवा हात फरशीवर पडला होता आणि ती त्या हाताकडे बघत होती, जणू शेजारी कुणी तरी आपली वस्तू विसरून गेलंय.

नगरच्या दवाखान्यात आम्ही एकोणीस दिवस होतो. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेंदूच्या डाव्या भागाला मार बसलाय. म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. पण तुम्ही बोलता ते त्यांना कळतं. बरंचसं कळतं. त्यांना लहान मूल समजू नका." मी मान हलवली. मी एका हायस्कूलच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं क्लार्क होतो. समोरचा माणूस काही सांगत असला की मान हलवायची आणि ते लिहून घ्यायचं, ही सवय हाडात गेलेली. गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या, व्यायामाचे प्रकार लिहून घेतले, मुलीला फोन करून सगळं सांगितलं. रडू आलं नाही. तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "भाऊसाहेब, धीर सोडू नका." मी बरं म्हणायचो. धीर धरायला काही त्रासच पडत नव्हता. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, तसं काही तरी झालं होतं. फरक इतकाच, की पायाला नंतर मुंग्या येतात. मला त्याही येत नव्हत्या.

घरी आल्यावर दोन-अडीच महिन्यांत ती काठी घेऊन चालायला लागली. उजवा पाय ओढत चालायची, पण खोलीतून खोलीत जायची. हात मात्र कोपरापाशी वाकून पोटाजवळ राहिला तो राहिलाच. बोलण्यातला एकच शब्द परत आला. तो होता "नको."

पाणी हवं असलं तरी नको आणि नको असलं तरी नको. मुलीचा फोन आला की हसून नको म्हणायची, पंखा लावायचा असला की वर बघून नको. सूर वेगळा असायचा आणि सुरावरून ओळखायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. छत्तीस वर्षं एका घरात राहून मला तिचे सूर ओळखता यायला हवे होते. आले नाहीत. ती बोलायची तेव्हा मी शब्द ऐकत होतो आणि तेही अर्धवट, हे मला तेव्हा समजलं. समजलं म्हणजे नोंद झाली. त्याचं वाईट वाटायला जे काही लागतं ते माझ्याजवळ त्या दिवसांत नव्हतं.

स्वयंपाकाला मावशी लावली. कालव्यापलीकडच्या वस्तीवरून ती सकाळी सायकलवर यायची, भाजी-पोळी करून, भांडी घासून अकराला जायची. मग दूध तापवणं, दुपारचा चहा, संध्याकाळी सगळं गरम करणं माझ्याकडे आलं. तोपर्यंत मी गॅस पेटवला नव्हता असं नाही, पण जे होते ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रसंग. एकदा मुलीच्या जन्माच्या वेळी, एकदा बायको माहेरी लग्नाला गेली तेव्हा.

शेगडी काचेची होती, दोन बर्नरची. मुलीला नोकरी लागल्यावर तिने घेऊन दिलेली. बटण दाबून फिरवलं की खट् आवाज होऊन आपोआप पेटायची. म्हणजे पूर्वी पेटायची. उजव्या बटणाचं ते यंत्र केव्हाच बिघडलं होतं आणि दुरुस्तीवाल्याने तिथे साधी चावी बसवून दिली होती. डाव्या बटणाचा खट् आवाज अजून व्हायचा, पण त्याने पेटत काही नव्हतं. मी काडी ओढायचो. एका हाताने काडी धरायची, दुसऱ्याने बटण फिरवायचं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. लायटरही होता, पण तोही कधी चालायचा, कधी नाही.

फेब्रुवारीत, उसाच्या ट्रॉल्या दिवसभर रस्त्याने जात होत्या तेव्हाची ही गोष्ट. बायको दुपारी स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर येऊन बसायला लागली. मी चहा ठेवायला गेलो की काठीचं टोक उचलून डाव्या बटणाकडे दाखवायची आणि म्हणायची, "नको."

पहिल्या दिवशी मी गॅस बंद केला.

"नको," ती म्हणाली. कपाळाला आठी.

मग मी पातेलं उजव्या बर्नरवर ठेवलं. "नको." मग दूध वेगळं तापवून बघितलं. मोठं पातेलं काढलं, लहान काढलं. चहाऐवजी कॉफी करून दिली, ती तिने तोंडाला लावली नाही. असे चार-पाच दिवस गेले. एका दुपारी तिने काठी फरशीवर आपटली. रागाने आपटली होती, एवढं मला कळलं.

"अगं, मला कळत नाहीये तुला काय हवंय," मी म्हणालो.

तिने डोळे मिटून घेतले. कुणी फार हळू चालत असेल तर मागचा माणूस उभा राहून जसा वाट बघतो, तसे.

त्याच आठवड्यात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, पण आम्ही दवाखान्यात होतो म्हणून राहिला होता. जाताना तिला सांगून गेलो, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं. तासाभरात परत आलो. शेजारीण पुढच्या खोलीत मोबाईल बघत बसली होती. मला बघून म्हणाली, "झोपल्यात वहिनी." ती गेली आणि मी आत गेलो तर पलंग रिकामा.

बायको ओट्याला कंबर टेकून उभी होती. काठी ओट्याला लावून ठेवलेली. डाव्या बर्नरवर पातेलं होतं, त्यात दोन कप पाणी. साखर घातलेली, चहा पावडरीचा डबा उघडा. हे सगळं तिने डाव्या हाताने केलं होतं. काड्यापेटी तिने उजव्या मनगटाखाली ओट्यावर दाबून धरली होती आणि डाव्या हाताने तिच्यावर काडी ओढत होती. मनगटात जोर नाही, त्यामुळे पेटी सरकायची. सरकली की पुन्हा ओढून आणायची, उजवा हात डाव्याने उचलून तिच्यावर ठेवायचा आणि पुन्हा ओढायची. खाली फरशीवर मोडलेल्या काड्या पडल्या होत्या. मी आधी बटण बघितलं. बंद होतं. काडी पेटल्याशिवाय गॅस सोडायचा नाही, हे ती विसरली नव्हती.

मी दारातच उभा राहिलो. तिला चाहूल लागली, पण तिने वळून बघितलं नाही. आणखी एक काडी ओढली. तीही मोडली. मग तिने पेटी सोडून दिली.

"तुला चहा करायचा आहे?" मी विचारलं. हा प्रश्न मी इतक्या दिवसांत विचारलाच नव्हता. चहा हवाय का, असंच विचारत होतो.

तिने माझ्याकडे बघितलं. मग वाकून डाव्या हाताने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, डावं बटण धरलं आणि दाबून फिरवलं. खट्. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. खट्. आणि माझ्याकडे बघत राहिली.

बटण एका हाताने फिरतं. काडीला दोन हात लागतात, लायटरलाही लागतात, एक लायटरला आणि एक बटणाला. इतकं साधं होतं ते.

"हे दुरुस्त करायचंय," मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली आणि त्या दिवशी तरी तो सूर मला ओळखता आला.

संध्याकाळी मुलीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. ती घाबरली.

"बाबा, तिला गॅसजवळ अजिबात जाऊ देऊ नका. तोल गेला तर? पदर पेटला तर? तुम्ही बाहेर असताना काही झालं तर काय करायचं? त्यापेक्षा ती बटणंच काढून ठेवा. गरज पडेल तेव्हा लावत जा."

"ती काळजी घेते."

"बाबा, तिचा उजवा हात भाजला तर तिला कळणारसुद्धा नाही."

हे खरं होतं. त्या हाताला थंड-गरम लागत नव्हतं. मी बरं म्हणालो. बटणं काढली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बायको खुर्चीवर येऊन बसली आणि काठीने शेगडीकडे दाखवायला लागली तेव्हा मी म्हणालो, "विचारलं मी दुकानात. दुरुस्त होत नाही म्हणतात."

मी कुणालाच विचारलं नव्हतं. खोटं बोलताना आवाज जरा हलायला हवा. माझा हलला नाही. ऑफिसात पालकांना 'साहेब नाहीयेत' सांगावं तसं मी ते सांगितलं.

ती काठी टेकत उठली आणि आत गेली. त्यानंतर ती स्वयंपाकघराच्या दारात आली नाही. पुढ्यात ठेवलेलं खायची, गोळ्या घ्यायची. व्यायामाला हात लावू दिला नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि खरं सांगायचं तर मला ते सोपं गेलं. चहा करताना कुणी बघत नाही, आठ्या नाहीत, काठी नाही. असे आठ दिवस गेले असतील.

मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "भाऊसाहेब, वैनीचं काय बिनसलंय? आधी म्या भाजी टाकली की मागून हात दाखवायच्या, मीठ कमी घाल, तेल कमी घाल. आता काय टाकलं तरी बघत न्हाईत."

"आजारी माणूस आहे, मावशी."

"आजारी आधी बी हुत्याच की." तिने पोळी तव्यावर टाकली. "मानूस काय बी करीत न्हाई म्हनलं की लाकूड हुतं बघा. आमच्या सासूला आमी असंच बशीवलं. बसा तुमी, करतो आमी. बसल्या त्या बसल्याच."

मी बायकोशी खोटं बोललो होतो ते मावशीला सांगितलं नाही. ती गेली. दुपार लांबलचक होती. वर्तमानपत्र वाचून झालं होतं. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण जागी होती. माझ्या मनात कसला निश्चय झाला असं मी म्हणणार नाही. हाताला काही काम नव्हतं म्हणून मी उठलो, रेग्युलेटर काढला, शेगडीची नळी सोडवली आणि शेगडी उचलून मागच्या अंगणात उन्हात नेऊन ठेवली.

वरच्या जाळ्या आणि बर्नर काढून मी ती एका जुन्या चादरीवर उपडी केली. खालचा पत्रा चार स्क्रूंनी बसवलेला होता. तो निघाला तेव्हा आत उतू गेलेल्या दुधाचे थर दिसले, काळे, कडक, एकावर एक. मोहरीचे दाणे. एक सेफ्टी पिन. या शेगडीवर किती वेळा दूध उतू गेलं असेल आणि किती वेळा तिने घाईघाईने बटण बंद करून फडकं मारलं असेल! मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत असणार. मी सुरीने तो थर खरवडला.

डाव्या बटणापासून एक जाडसर तार निघून बर्नरकडे गेली होती. तिच्या टोकाला पांढरी चिनी मातीची कांडी आणि कांडीच्या तोंडाला लोखंडी सुई. ठिणगी त्या सुईतून बर्नरवर उडते, एवढं बघून समजत होतं. सुईवर तेलकट काजळी बसली होती. मी जुन्या टूथब्रशने ती घासली, कापडाने पुसली, उन्हात सुकू दिली. पुन्हा सगळं बसवून आत आणलं आणि गॅस न जोडता बटण फिरवलं. खट्. सुईपाशी काहीच नाही.

आवाज होतो म्हणजे ठिणगी कुठे तरी पडत असणार, असं मला वाटलं. पण दुपारच्या उजेडात ती दिसणं शक्य नव्हतं. म्हणून मी स्वयंपाकघराची खिडकी लावली, काचेवर पोतं अडकवलं. दार लावायच्या आधी आत आणखी एक माणूस हवं होतं. एकाने बटण फिरवायचं, दुसऱ्याने वाकून खाली बघायचं.

मी पलंगापाशी गेलो. "जरा येतेस का?" मी म्हणालो. "मी तुला खोटं सांगितलं. दुकानात विचारलं नव्हतं मी. शेगडी उघडलीय. बटण फिरवायला कुणी तरी हवंय."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. मग तिने डावा हात पुढे केला, उठवायला.

मी तिला ओट्याला टेकवून उभं केलं, तिचा हात बटणावर ठेवला आणि दार लावलं. अंधार झाला. दोन विटा लावून मी शेगडीची पुढची बाजू उचलून ठेवली होती, खालचा पत्रा पुन्हा काढला होता. खाली वाकून मी म्हणालो, "फिरव."

खट्.

"पुन्हा."

खट्. आणि या वेळी ठिणगी मला दिसली. सुईपाशी नव्हे, वीतभर अलीकडे. जिथे तार शेगडीच्या बाजूच्या पत्र्याच्या कडेवरून वळत होती तिथे, निळी, केसाएवढी, तारेतून पत्र्यावर. एका क्षणात गेली.

"पुन्हा फिरव."

तिने फिरवलं. पुन्हा तिथेच. तारेचं वरचं कव्हर उष्णतेने तडकलं होतं आणि ठिणगी सुईपर्यंत जाण्याऐवजी मधेच उडून जात होती. मी तिला सांगितलं, "इथे पडतेय. पत्र्यावर." तिलाही बघायचं होतं. मग मी तिला माझ्या खांद्याचा आधार देऊन वाकवलं आणि स्वतः हात लांब करून बटण फिरवलं. ती ठिणगी बघून ती "हं" म्हणाली. तो शब्द नव्हता, पण "नको"सुद्धा नव्हता. आम्ही चार-पाच वेळा बटण फिरवलं. एवढ्या वेळा फिरवायची गरज नव्हती.

तार आणि कांडी घेऊन मी बाजारात गेलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत शेगड्या, कुकर, मिक्सर दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो. दुकान म्हणजे एक टेबल आणि वर पत्रा. त्याने तार डोळ्यांजवळ नेली.

"गेली ही. अन् कांडी बी तडकलीय, हे बघा. दोनी बदला." तो डब्यात शोधता शोधता म्हणाला, "पन कशाला यवढी उठाठेव करता? लायटर घ्या, काम झालं."

"लायटरला दोन हात लागतात," मी म्हणालो. "घरातल्यांचा एकच हात चालतो. त्यांना एका हाताने पेटवायचंय."

हे वाक्य मी पहिल्यांदा बाहेरच्या माणसापुढे बोललो. म्हाताऱ्याने पुन्हा लायटरचं नाव काढलं नाही. तार आणि कांडी मिळाली. मग त्याने टेबलाच्या खणातून बटणांचा ढीग काढला आणि त्यातलं एक निवडलं, लांब पाकळीसारखी मूठ असलेलं.

"गोल बटन वल्या हातातून निसटतं. हे लावा. बोटं न्हाई वळली तरी तळव्यानं फिरतं." मग म्हणाला, "सुई अन् बर्नरमधी ज्वारीच्या दान्यायवढी फट ठेवा. जास्ती ठेवली तर ठिनगी पोचत न्हाई. नळी जोडल्यावर साबनाचं पानी लावून बघा, बुडबुडा आला तर पेटवू नका. जमंल का? का मी यिऊ घरी?"

"जमेल," मी म्हणालो.

पहिल्या वेळी जमलं नाही. फट जास्त राहिली. घरातून ज्वारीचा दाणा आणून तो मधे धरून मी सुई पकडीने वाकवली. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नव्हता. गॅस सोडून बटण फिरवलं. खट्. पेटलं नाही. घाईत मी लगेच पुन्हा फिरवलं. तोवर जमलेला गॅस एकदम भडकला आणि माझ्या हाताच्या पाठीवरचे केस जळाले. करपल्याचा वास आला. बायकोने खुर्चीतून माझा सदरा मागे ओढला. भाजलं फार नव्हतं, पण चुरचुरत होतं. मी नळाखाली हात धरून उभा राहिलो आणि ती चुरचुर थांबू नये असं मला वाटलं. कित्येक महिन्यांनी मला काही तरी झाल्याचं कळत होतं, म्हणून. थोड्या वेळाने ती थांबली.

मग मी नियम ठरवले आणि तिला मोठ्याने सांगितले. एकदा पेटलं नाही तर बटण बंद करून वीस मोजायचे. पदर खोचलेला हवा. उजवा हात ओट्यावर ठेवायचा नाही. मी घरात नसलो तर रेग्युलेटर बंद. शेवटच्या नियमाला तिने तोंड वाकडं केलं, पण मान हलवली.

ती उभी राहिली. मी तिच्या उजव्या बाजूला उभा राहिलो, हात तिच्या कमरेमागे, पण न लावता. तिने तळव्याने बटण दाबलं, फिरवलं. आवाज झाला आणि तिने दचकून हात मागे घेतला. बर्नर पेटला नव्हता. तिने बटण बंद केलं. आम्ही दोघं थांबलो. मी वीस मोजत होतो, तीही मोजत असावी, कारण माझे सतरा झाले तेव्हाच तिने पुन्हा हात पुढे केला. खट्. फुस्स. निळी ज्योत गोल फिरून स्थिर झाली.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. पातेल्याकडे हात दाखवला, कारण पाणी भरलेलं पातेलं उचलणं तिला जमत नव्हतं. ते मी ठेवलं. साखर तिने घातली, पावडर तिने घातली, आलं किसायला दोन हात लागतात म्हणून आल्याशिवायच. चहा वर येताना आच कमी करायची ती तिनेच केली, माझ्याआधी. गाळताना अडलं. पातेलं सांडशीत धरून मी ओतलं आणि गाळणं तिने धरलं. थोडा चहा ओट्यावर सांडला. चहा फार गोड झाला होता. तिने घोट घेतला आणि तिच्याही ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी साखर बरोबर होती.

आनंद झाला असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. झालं ते एवढंच, की तो कप मी संपवला आणि कशाची चव होती ते मला सांगता आलं असतं.

मुलीला मी दोन महिने काही कळवलं नाही. ती मे महिन्यात आली तेव्हा दारातच तिला खट् ऐकू आला आणि ती चप्पल न काढता आत धावली. तिच्या आईने तिला हाताने मागे सारलं. मुलगी माझ्यावर रागावली, दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. मुलगी आलं किसत होती आणि तिची आई बोटाने दाखवत होती, अजून, अजून. मुलगी जाताना मला म्हणाली, "बाबा, तुम्ही कसे आहात?" मी ठीक म्हणालो. तिने जरा थांबून माझ्याकडे बघितलं, पण बस लागली होती.

आता वर्ष होऊन गेलंय. बायकोचा हात तसाच आहे. शब्द सहा-सात झालेत, त्यातला एक मावशीच्या भाजीसाठी आहे, "खारट." एकदा पातेलं करपलं, एकदा डाव्या हाताच्या बोटाला चटका बसला. दूध मात्र ती मला तापवू देत नाही, माझं उतू जातं म्हणून.

दुपारी साडेतीनला मी पुढच्या खोलीत काही तरी वाचत असतो. आतून काठीचा आवाज येतो, मग पाय ओढल्याचा, मग साखरेच्या डब्याचं झाकण. मग खट् होतं. मी पुस्तकातून मान वर काढत नाही. पण ज्योतीचा फुस्स आवाज येईपर्यंत ओळही पुढे सरकत नाही. तो आला की खूण घालून पुस्तक मिटतो आणि गाळायला आत जातो.